टीएला मुलाशेजारून उठवा

गोव्यात, सासष्टीत किंवा बार्देशात, स्विंडनचं नाव काढलं तर ‘ते कुठे आलं?’ असं कुणी विचारत नाही. विचारतात ते इंग्लंडमधले लोक. लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव आधी रेल्वेच्या कारखान्यावर जगलं, मग होंडाच्या मोटारींवर. होंडानं २०२१च्या जुलैत गाशा गुंडाळला, पण तोवर आमची माणसं गोदामांत आणि पॅकिंगच्या पाळ्यांत रुजली होती. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर त्या पासपोर्टावर इथे येऊन कमावता येत होतं. ब्रेक्झिटनं ते दार लावून घेतलं. तरी आधी स्थिरावलेल्यांची बायकापोरं अजून मागाहून येतात, आणि वर्षाच्या मध्येच एखाद्या सोमवारी नवं दप्तर घेतलेलं, थंडीनं आक्रसलेलं पोर वर्गाच्या दारात उभं राहतं.

त्या दारात त्याला घ्यायला जाते ती मी. एका प्राथमिक शाळेत टीए आहे, टीचिंग असिस्टंट. डिचोली तालुक्यात सरकारी मराठी शाळेत सर्व शिक्षा अभियानाची पॅरा टीचर होते. इथे माझं डी.एड. धरत नाहीत. शिक्षिका व्हायचं तर पात्रता नव्यानं मिळवायला हवी, आणि नवऱ्याच्या रात्रपाळ्या, घरभाडं आणि दोन मुलं यांतून ते जमलं नाही. ते असो. वर्ग फळ्याजवळूनही पाहिलाय आणि मागच्या टेबलावरूनही, म्हणून ठासून सांगते: परभाषेतून आलेल्या मुलाच्या मदतीसाठी टीएला त्याच्या शेजारी बसवतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

इंग्लंडच्या सरकारी शाळांत २०००च्या सुमारास साधारण ८० हजार टीए होते. आता पूर्णवेळ पदांच्या हिशेबानं २ लाख ८० हजारांच्या आसपास आहेत. दर पाच मुलांतल्या एकाची पहिली भाषा इंग्रजी नाही अशी शाळांत नोंद आहे. एवढी माणसं आणि एवढी मुलं म्हटल्यावर कुणालाही वाटेल की गणित जुळलं.

आता एक वर्ग जवळून बघा. ईअर फोर, आठ-नऊ वर्षांची मुलं. बार्देशातून आलेली एक मुलगी. तिकडे सरकारी मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली, इंग्रजी जेमतेम. पहिल्याच आठवड्यात तिला शेवटच्या टेबलावर बसवलं, जिथे रंगीत ठोकळे मांडून तीनचा पाढा चालला होता. माझी खुर्ची तिच्या बाजूला. इथे ईअर फोरला जून महिन्यात पाढ्यांची सरकारी परीक्षा असते, संगणकावर, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, बारापर्यंतचे पाढे. त्या परीक्षेचा सराव चालला होता. सगळा वर्ग पडद्याकडे बघून बोटं मोजतोय, आणि माझ्या कानाशी अगदी हळू, चालीत आलं, ‘बारा साती चौऱ्याऐंशी’. पडद्यावर आकडेच असतात, इंग्रजी लागतच नाही. तिचा एकच प्रश्न चुकला, तोही बोट वेळेत बटणापर्यंत न पोचल्यामुळे. ठोकळे तिच्यासमोर तसेच मांडलेले होते.

दुसऱ्या दिवशी शाब्दिक उदाहरणांचा कागद आला. पेन्सिलींची खोकी, प्रत्येकात बारा, शाळेनं सात खोकी घेतली, त्यातल्या काही वाटल्या, किती उरल्या. चार ओळींचं इंग्रजी. ती थबकली. अशा वेळी टीए काय करतो? वाचून दाखवतो, उलथा करून सांगतो, आणि वेळ संपत आली की बोट ठेवतो: ‘हे गुणिले हे, त्यातून हे वजा.’ तिनं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर लिहिलं. कागद पूर्ण. शिक्षिकेनं हिरवी खूण केली. आणि मुलीच्या पदरात काय पडलं? गुणाकार तिला येतच होता. ‘इथे गुणायचं आहे’ हे ओळखणं आणि ते इंग्रजी वाक्यातून ओळखणं, शिकायचं होतं ते एवढंच, आणि तेवढंच तिच्या वाटणीचं दुसऱ्या कुणीतरी करून टाकलं.

हे टीएच्या आळसानं होत नाही. तो कागद माझ्या हातात मुलीच्या हाताबरोबरच पडतो. आदल्या संध्याकाळी पाहिला असता तर सकाळी हजेरीच्या वेळी दहा मिनिटं तिला मराठीत गोष्ट सांगून ठेवली असती: दुकान आहे, खोकी आहेत, वाटप आहे. मग वर्गात ती इंग्रजी वाक्यांशी झटापट करायला मोकळी, आणि मी लांब. पण आदल्या संध्याकाळी मी शाळेत नसते. माझा करार मुलं आत येतात तेव्हा सुरू होतो आणि मुलं बाहेर पडतात तेव्हा संपतो.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ अशी पाच वर्षं हाच विषय तपासला. निष्कर्ष २००९ साली आले तेव्हा शाळांना चांगलाच झटका बसला. ज्या मुलांना टीएची मदत सर्वांत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी निघाली. मुलं मुळात मागे होती म्हणून असं झालं असेल, हा बचावही टिकला नाही, कारण आधीची पातळी आणि विशेष गरजा हिशेबात धरूनच तुलना केली होती. कारण सोपं होतं. टीए आला की शिक्षिका त्या मुलापासून लांब जाते. सर्वांत जास्त शिकवण्याची गरज असलेल्या मुलाला सर्वांत कमी प्रशिक्षित माणूस मिळतो, आणि त्या माणसाला तयारीला वेळ नसतो, म्हणून तो काम शिकवण्याऐवजी काम पुरं करून घेतो. चिकटून बसणाऱ्या टीएला इथल्या शाळांत ‘वेल्क्रो’ म्हणतात. हा अभ्यास सगळ्या प्रकारच्या मुलांचा होता, फक्त परभाषिकांचा नव्हे. पण शेवटच्या टेबलावरून मला जे दिसतं, त्याच्याशी तो शब्दन् शब्द जुळतो.

गंमत अशी की हा देश एकदा या चुकीतून बाहेर पडला होता. १९६६च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टच्या ११व्या कलमाखाली राष्ट्रकुलातून आलेल्या, वेगळ्या भाषेच्या आणि चालीरीतींच्या लोकांसाठी जादा कर्मचारी नेमायला गृहखातं नगरपालिकांना पैसे देत असे. त्यातला मोठा वाटा शाळांकडे गेला. तेव्हा अनेक ठिकाणी इंग्रजी न येणारी मुलं नेहमीच्या शाळेत घेतच नसत. त्यांची वेगळी भाषाकेंद्रं असत. यॉर्कशरमधल्या काल्डरडेलच्या केंद्रांची वांशिक समानता आयोगानं चौकशी केली आणि १९८६ साली निकाल दिला की अशी वेगळी व्यवस्था हा अप्रत्यक्ष वांशिक भेदभावच आहे. त्याच्या आदल्या वर्षी स्वान समितीनं, मातृभाषा शिकवणं हे नेहमीच्या शाळांचं काम नाही असं म्हणतानाच, नव्यानं शाळेत येणाऱ्या मुलांसाठी वर्गात दोन भाषा जाणणारा माणूस असावा असंही सांगितलं होतं. तेव्हा मुलं वर्गात आली, आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारख्या बायका आल्या.

पुढे १९९९ साली ११व्या कलमाच्या या पैशाचं नाव बदललं आणि तो शिक्षणखात्याकडे गेला. २०११ साली तो शाळांच्या सर्वसाधारण अनुदानात मिसळला, म्हणजे याच कामावर खर्च करायचं बंधन उरलं नाही. छप्पर गळत असेल तर छपरावर करा. गावोगावची नगरपालिकेची भाषापथकं त्यानंतर विरत गेली. टीए शाळाशाळांत राहिले, पण त्यांना हे काम शिकवणारं, त्यांच्या वतीनं मुख्याध्यापकांशी भांडणारं कुणी राहिलं नाही. काल्डरडेलची केंद्रं बंद झाली खरी, पण वर्गाच्या कोपऱ्यातलं टेबल हे त्या मुलापुरतं तसलंच केंद्र आहे. फक्त त्याला भिंती नाहीत, म्हणून आयोग येत नाही.

म्हणजे माझ्यासारखी माणसं नकोतच का? उलट आहे. आमचा खरा उपयोग जिथे होतो तिथे आम्हाला कुणी बोलावत नाही.

सासष्टीतून आलेला सहा वर्षांचा एक मुलगा होता, मी ज्या वर्गात नव्हते तिथला. पासपोर्ट पोर्तुगीज, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी प्रवेशअर्जावर पहिली भाषाही पोर्तुगीज लिहिली. शाळेनं कर्तव्यदक्षपणे पोर्तुगीज बोलणारी एक बाई मिळवली. बाई मदेराच्या, स्वभावानं अतिशय गोड. त्यांनी त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये खूप गप्पा मारल्या आणि तो त्यांच्या बुटांकडे बघत राहिला. कागदावर आलं: स्वतःच्या भाषेतही प्रतिसाद देत नाही. पुढच्या बैठकीत वाचा-तज्ज्ञाला दाखवायचं ठरू लागलं. मला हे कळलं ते निव्वळ योगायोगानं. जेवणाच्या रांगेत हाच मुलगा आपल्या बहिणीला, आजोबांच्या कुत्र्यानं शेजाऱ्यांची कोंबडी कशी पळवली आणि मग आजोबांनी कुणाला काय काय शिव्या दिल्या, हे हातवारे करत अस्सल सासष्टी कोकणीत सांगत होता. मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. मी ताटासकट तिथेच उभी राहिले.

मुलाला इंग्रजी येत नाही की मुलाला शिकायलाच अडचण आहे, हा फरक इंग्रजीतून चाचणी घेऊन कळत नाही. कोकणीत, मराठीत, पंजाबीत, सोमालीत त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलून बऱ्याच अंशी कळतो. गोष्ट क्रमानं सांगतो का, काल आणि उद्या यांत गोंधळतो का, ‘का?’ विचारलं तर कारण देतो का. दोन्ही बाजूंनी चुकण्याचा धोका आहे. गप्प मुलाला मंद ठरवतात, आणि खरंच अडचण असलेल्याला ‘इंग्रजी आलं की सुधारेल’ म्हणून दोन-तीन वर्षं तसंच ठेवतात. या दुसऱ्या मुलांचं नुकसान जास्त होतं, कारण ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. अशा बैठकीत दुभाषी टीए पहिल्या दिवसापासून असायला हवी, चहा आणणारी म्हणून नव्हे, मत देणारी म्हणून. पण त्या बैठका शाळा सुटल्यावर असतात, आणि शाळा सुटल्यावर माझा करार सुटलेला असतो.

कराराचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. टीएला पगार वर्षाच्या साधारण ३९ आठवड्यांचा आणि त्यावरच्या रजेचा मिळतो, तोच बारा महिन्यांत विभागून. माझ्याबरोबरची एक गुजराती बाई, दमणची, मुलांच्या घरच्यांना नावानिशी ओळखणारी, गेल्या वर्षी सुपरमार्केटच्या काउंटरवर गेली. तिथे तास जास्त मिळतात. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण तिला एकच भाषा येते. शाळेच्या दृष्टीनं पद भरलं गेलं.

घरच्यांचंही ऐकलं पाहिजे. शाळेच्या फाटकाशी आया मला बाजूला घेऊन सांगतात, ‘टीचर, त्याच्याशी कोकणी नका हं बोलू. कोकणी तो घरी बोलतोच.’ त्यांची भीती खोटी नाही. गोव्यातून निघताना भाषेचं भांडण कुणी दाबोळीच्या विमानतळावर ठेवून येत नाही. २०११ साली गोवा सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा केवढं रान पेटलं होतं, ते वाचकांना आठवत असेल. त्या वेळी मी मराठी शाळेत होते आणि कोणत्या बाजूला होते हे सांगायची गरज नाही. इथे आल्यावर त्या आयांचं म्हणणं मला निम्मं पटतं. मुलाशी दिवसभर कोकणीत बोलत बसणारी टीए त्याला वर्गापासून तोडतेच. इंग्रजी त्याला वर्गातल्या पोरांकडून मिळणार, फुटबॉलच्या मैदानावर, गटात बसून भांडताना, शिक्षिका फळ्यावर समजावत असताना. माझ्या कुजबुजीतून नाही. म्हणून तर म्हणते की शेजारून उठवा. उरलेलं निम्मं म्हणणं पटत नाही ते एवढ्याचसाठी की पहिल्या काही महिन्यांत, धड्याच्या आधीची दहा मिनिटं, घरच्या भाषेत ऐकलेला विषय मुलाला वर्गात बसायचं बळ देतो. अपूर्णांक काय असतात हे ज्याला आधीच कळलंय, त्याला फक्त त्यांची इंग्रजी नावं शिकायची असतात.

मग शिक्षिकेनं काय करायचं? नव्या मुलांच्या टेबलावर तिनं स्वतः बसायचं. त्या वेळात उरलेल्या वर्गावर, जे काम त्यांना येतंय त्यावर, टीएनं फिरायचं. आमच्या शाळेत एका शिक्षिकेनं हे करून पाहिलं. पहिल्या दिवशी तिला घाम फुटला, कारण तिला प्रथमच कळलं की त्या टेबलावरच्या मुलांना तिचा प्रश्न कळतो, उत्तर माहीत असतं आणि वाक्याची सुरुवात तेवढी सापडत नसते. सुरुवात तिनं फळ्यावर लिहून ठेवली. बस. इतक्या साध्या उपायासाठी कुणी तरी प्रशिक्षित माणूस तिथे बसलेला असावा लागतो.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. आमच्या शाळेत कोकणी, मराठी, गुजराती, पोलिश, तमिळ, अरबी, रोमानियन अशी कितीतरी भाषांची मुलं आहेत. प्रत्येकीला माणूस कुठून आणणार? शाळेनं आणूच नये, नगरपालिकेनं आणावा. जुन्या भाषापथकांत हेच होतं: एक माणूस, अनेक शाळा, आठवड्यातून ठरलेल्या वेळी. कोकणी बोलणारी मी एका शाळेच्या एका वर्गात अडकून पडण्यापेक्षा गावातल्या साऱ्या शाळांत नव्या गोमंतकीय मुलाची पहिली चाचणी आणि घरच्यांशी पहिली बैठक मी करणं, हे शाळांनाही स्वस्त पडेल. याला लागणारे पैसे २०११पर्यंत वेगळे काढून ठेवलेले असत, आणि तेव्हा देश बुडाला नव्हता.

हे सगळं मराठी वर्तमानपत्रात कशाला, असं कुणी विचारेल. कारण माझ्या डिचोलीच्या वर्गात लमाणी मुलं होती. गोव्यातल्या किती तरी सरकारी मराठी प्राथमिक शाळांचा पट आज कर्नाटकातून आणि उत्तरेतून आलेल्या मजुरांच्या मुलांवर टिकून आहे, हे तिथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मला लमाणी येत नव्हती, कन्नड येत नव्हती. चौथीतली एक मुलगी माझी दुभाषी होती. पहिलीत कुणी रडलं, कुणाला ताप आला, कुणाला ‘वजाबाकी’ कळेना, की तिला बोलावणं. त्या तासांना तिचा स्वतःचा अभ्यास बुडायचा आणि हजेरीत ती उपस्थित असायची. मेळघाटात तर अंतर याहून मोठं आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, आणि पहिलीतल्या कोरकू मुलासमोर गुरुजी मराठी बालभारती उघडून उभे असतात. नंदुरबारच्या भिली-पावरी मुलांचं, गडचिरोलीच्या माडिया मुलांचं दुखणं त्याच जातीचं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं आहे, २०२०च्या राष्ट्रीय धोरणात तेच आणखी सविस्तर आहे. ओडिशानं २००६-०७पासून आदिवासी भाषांतून शिकवायला सुरुवातही केली. आपल्याकडे ‘शक्य तिथवर’ हे दोन शब्द सगळ्यांच्या सोयीचे ठरले आहेत.

उद्या गोव्यात किंवा महाराष्ट्रात वस्तीतलीच एखादी शिकलेली बाई भाषा-मदतनीस म्हणून नेमायचं ठरलं तर ते ताबडतोब करावं. ती बाई मिळते. अंगणवाडीला मिळतेच की. पण मानधनावरची, अकरा महिन्यांच्या ऑर्डरची, मागच्या बाकावर रडणाऱ्या पोरांजवळ बसवलेली मदतनीस नेमणार असाल, तर इंग्लंडनं पंचवीस वर्षं आणि अफाट पैसा खर्चून जे पाहिलं तेच आपण स्वस्तात पाहू. पदाच्या आदेशात मानधनाच्या आकड्याच्या आधी एक ओळ घाला: दर आठवड्याला वर्गशिक्षिकेबरोबर धड्यांच्या तयारीचा एक तास, पगारी. ती ओळ नंतर घालता येत नाही. मी इथे तीन मुख्याध्यापकांकडे मागून पाहिली आहे.